बिनखाड्याची सोळा वर्षे

सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडतो तेव्हा आपल्याकडे गणपती येऊन गेलेले असतात किंवा येऊ घातलेले असतात. पाच तारखेला शाळाशाळांतून मुले गुरुजनांच्या हाती फूल ठेवतात आणि वर्षभर गृहीत धरलेल्या माणसाची आठवण काढण्याची आपली वार्षिक रीत पार पडते. अमेरिकेत याच सुमारास, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, श्रमिक दिनाची सुट्टी असते. तिथला उन्हाळा त्या दिवशी मनोमन संपतो आणि माणसे पुन्हा कामाच्या जुवाला मान देतात. मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर या जुन्या बंदराच्या शहराला मात्र या दिवसांत आणखी एक तारीख आठवते, 6 सप्टेंबर. 1995 साली त्या बुधवारी रात्री तिथल्या बेसबॉलच्या मैदानावर चालू सामना बावीस मिनिटे थांबला होता. पाऊस आला नव्हता, दिवे गेले नव्हते, कोणी जायबंदी झाले नव्हते. एक माणूस कामावर आला होता, इतकेच. तो सलग 2,131 व्या सामन्याला आला होता.

कॅल रिपकेन धाकटा हे त्याचे नाव. बाल्टिमोर ओरिओल्स या एकाच संघाकडून 1981 ते 2001 असे एकवीस मोसम तो खेळला. 3,001 सामने, 3,184 हिट, 431 होमरन, दोनदा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एखाद्याला जन्मभर पुरावी अशी ही शिदोरी. तरी लोकांच्या ओठी राहिला तो वेगळाच आकडा, 2,632. 30 मे 1982 ते 19 सप्टेंबर 1998 या काळात संघाचा एकही सामना त्याच्यावाचून झाला नाही. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे आहोत. आपल्या सुनील गावसकरांनी सलग 106 कसोटी सामने खेळले आणि त्या काळी तो जागतिक विक्रम होता. पण गावसकर म्हटले की आपल्याला 10,122 धावा आठवतात, 34 शतके आठवतात, वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढचे ते हेल्मेटविना उभे राहणे आठवते. हजेरीपट कुणाला आठवत नाही. आल्या माणसाचे कौतुक करायचे नसते, न आलेल्याची चौकशी करायची असते, असा आपला घरापासून कचेरीपर्यंतचा शिरस्ता आहे. बाल्टिमोरने एका रात्रीपुरता तो मोडला.

या हजेरीचे वजन कळायचे तर त्या खेळाचा रगाडा डोळ्यांपुढे आणायला हवा. बेसबॉलचा मोसम वसंतात सुरू होतो आणि शरद लागेपर्यंत चालतो. सहा महिन्यांत 162 सामने. आठवड्यातले सहा दिवस, कधी सातही दिवस खेळ. अटलांटिकच्या काठावर रात्रीचा सामना उरकायचा आणि पॅसिफिकच्या काठावर दुसऱ्या संघापुढे उभे राहायचे. त्यात रिपकेनची जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जमिनीलगतचे जोरकस फटके बहुधा इकडेच येतात. चेंडू घ्यायचा, तोवर समोरून धावत येणारा गडी पाय पुढे करून बेसवर घसरत येतो, त्याच्या अंगावरून उडी मारत चेंडू फर्स्ट बेसला फेकायचा. गुडघे आणि घोटे यांची ही रोजची परीक्षा. ही जागा बुटक्या, चपळ खेळाडूंची समजली जाई आणि रिपकेन होता सहा फूट चार इंच. मॅनेजर अर्ल वीव्हर यांनी 1 जुलै 1982 ला त्याला थर्ड बेसवरून उचलून तिथे उभे केले तेव्हा जाणत्यांनी नाके मुरडली. चपळाईतली कसर त्याने अभ्यासाने भरून काढली. आपला पिचर आता कोणता चेंडू टाकणार आणि समोरचा तो कुठे मारणार हे हेरून तो आधीच दोन पावले सरकलेला असे. 1990 साली 161 सामन्यांत त्याच्या हातून तीनच चुका झाल्या. असा खेळाडू डोळ्यांत भरत नाही, कारण चेंडू जिथे जातो तिथे तो उभाच असतो आणि पाहणाऱ्याला वाटते, यात काय मोठेसे.

हे शिक्षण घरचे होते. बाल्टिमोरच्या ईशान्येला अबर्डीन हे लहानसे गाव आहे, तिथे तो वाढला. वडील, कॅल रिपकेन थोरले, ओरिओल्सच्या पदरी छत्तीस वर्षे राहिले. मोठ्या लीगमध्ये खेळाडू म्हणून एकही सामना त्यांच्या नशिबी नव्हता. मग लहान गावांतले लहान संघ सांभाळत, पोरांना घडवत, वेळप्रसंगी संघाची बसही हाकत ते वर्षानुवर्षे झिजले. ओरिओल्सची म्हणून खेळाची एक पद्धत होती. कोणत्याही पायरीवरच्या संघात गेलात तरी चेंडू अडवणे, फेकणे, बेसवर धावणे एकाच शिस्तीने शिकवले जाई. ती शिस्त मुरवणाऱ्यांत थोरले रिपकेन अग्रभागी होते. शनिवारी सकाळी ते मुलांच्या शिबिराला निघाले की छोटा कॅल त्यांच्या शेजारी मोटारीत जाऊन बसे. खेळाची ओढ होतीच, पण एरवी वडील त्याच्या वाट्याला यायचेच नाहीत हे खरे कारण. ज्या घरात कर्ता माणूस कामाला वाहिलेला असतो त्या घरातली मुले एक तर त्या कामाचा राग करतात किंवा त्या कामातच बापाला शोधतात.

उमेदवारीच्या काळात दैवाने त्याला पुढच्या आयुष्याची चुणूकही दाखवली. 18 एप्रिल 1981 च्या संध्याकाळी पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर असा खालच्या लीगमधला सामना सुरू झाला. बेसबॉलचे डाव नऊ. बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत खेळत राहायचे. बरोबरी सुटेचना. गारठा इतका पडला की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेकोटी केली. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, बत्तीस डाव झाल्यावर, खेळ थांबवण्यात आला तेव्हा प्रेक्षकांत एकोणीस माणसे उरली होती आणि बाहेर ईस्टरचा रविवार उजाडत होता. उरलेला खेळ जूनमध्ये झाला आणि तेहेतिसाव्या डावात रॉचेस्टर हरले. व्यावसायिक बेसबॉलमधला तो सर्वांत लांब सामना ठरला. वीस वर्षांचा रिपकेन रॉचेस्टरकडून तेहेतीसही डाव खेळला.

मालिकेची सुरुवात मात्र कोणाच्या ध्यानातही येऊ नये अशी झाली. 29 मे 1982 ला एकाच दिवशी दोन सामने होते, त्यातल्या दुसऱ्यात वीव्हर यांनी या नवख्या पोराला बसवून ठेवले. दुसऱ्या दिवशी टोरांटोविरुद्ध त्याचे नाव पुन्हा यादीत आले. आपण पाडव्याला, वाढदिवसाला, नव्या वर्षाला संकल्प सोडतो आणि चार लोकांना सांगतो. त्या 30 मेला कुणी पाणी सोडले नव्हते, नारळ फोडला नव्हता. संकल्प नसलेला नेमच बहुधा जास्त टिकतो. पंढरीची वाट धरणारा माणूसही कितवी वारी हे विचारल्यावरच आठवू लागतो. पाय आषाढाच्या अंदाजाने आपोआप निघालेले असतात.

पण इथे एक पेच आहे आणि आपल्याला या तारखेच्या निमित्ताने त्यातच रस आहे. बेसबॉलमध्ये कोण खेळणार हे रोज नव्याने ठरते. सामन्याआधी मॅनेजर यादी लिहितो. खेळाडूच्या हाती इतकेच, की वेळेवर यावे, सराव करावा, खेळायला तयार होऊन थांबावे. नाव लिहिणे न लिहिणे हा दुसऱ्याचा अधिकार. रिपकेनला विक्रमाबद्दल कोणीही छेडले की तो हेच सांगे: मी रोज तयार असतो, मॅनेजरना वाटते म्हणून मी खेळतो. त्या सोळा वर्षांत वीव्हर यांच्यापासून रे मिलर यांच्यापर्यंत आठ माणसांनी ओरिओल्सची यादी लिहिली आणि आठांनीही त्याचे नाव लिहिले. म्हणजे 2,632 या आकड्यावर अर्धा हक्क त्या आठ जणांचा आहे. कर्तव्याची ही वाटणी फार मोलाची आहे. आपण कामावर जातो ते निवड होईलच या खात्रीने जात नाही; निवडीला पात्र होऊन जाणे एवढाच आपला भाग.

आता दुसरी बाजू. मालिका लांबत गेली तशी यादी लिहिणाऱ्याचा हात बांधला गेला. बाराशे, पंधराशे सामने सलग खेळलेल्या, गावाच्या गळ्यातला ताईत झालेल्या माणसाचे नाव वगळायचे धाडस कोण करणार? 1988, 1990, 1992 या मोसमांत रिपकेनची फलंदाजी सुमार झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून उघड टीका झाली. चार दिवस विश्रांती घेतली तर संघाचे भले होईल, हा विक्रम संघासाठी आहे की स्वतःसाठी, असे विचारले गेले. 1991 साली त्याने 34 होमरन मारून दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला तेव्हा टीकाकार गप्प झाले, पण पुढच्याच वर्षी पुन्हा तोच सूर लागला. ही टीका खोडसाळ होती असे म्हणून आपण तिला झटकू नये. नेमाचा अहंकार ही चीज खरी असते. ताप अंगावर काढून कचेरीत येणारा आणि दिवसभर चारचौघांना त्याची जाणीव करून देणारा सहकारी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. आपल्यातच कधीमधी तो डोकावलाही असेल. अंगठा टेकवून हजेरी लावणाऱ्या यंत्राने आपल्याकडच्या कामाचा दर्जा वाढला असे अजून कुणी सिद्ध केलेले नाही.

रिपकेनच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. विक्रमासाठी हजेरी आणि कामासाठी हजेरी यांतला फरक त्याच्या डावांच्या हिशेबात दिसतो. 1982 पासून 1987 पर्यंत तो सामन्यांबरोबर प्रत्येक सामन्याचा प्रत्येक डावही खेळला, ओळीने 8,243 डाव. जुना विक्रमवीर लू गेरिग थोर माणूस, पण 1934 साली कंबर धरली असता त्याचे नाव यादीत सर्वांत वर, तेही शॉर्टस्टॉप म्हणून लिहिले गेले; आयुष्यभर फर्स्ट बेसवर उभा राहिलेला हा गडी एक फटका मारून बाहेर पडला आणि मालिका शाबूत राहिली. तशी पळवाट रिपकेनने काढली नाही. त्याची डावांची मालिका 14 सप्टेंबर 1987 ला टोरांटोमध्ये तुटली. त्या सामन्यात ओरिओल्सनी 18-3 असा सपाटून मार खाल्ला. मॅनेजरने आठव्या डावात त्याला खाली बसवले. तो मॅनेजर दुसरा कुणी नव्हता, त्याचे वडील होते.

त्या वर्षी थोरल्या रिपकेनांना अखेर संघाची सूत्रे मिळाली होती आणि कॅलबरोबर त्याचा धाकटा भाऊ बिली सेकंड बेसवर खेळत होता. दोन मुलांना एकाच वेळी मोठ्या लीगमध्ये हाताळणारा बाप बेसबॉलने त्याआधी पाहिला नव्हता. घरच्या आनंदाला दृष्ट लागायला वेळ लागला नाही. 1988 च्या मोसमात ओरिओल्स पहिले सहा सामने हरले आणि तीन दशकांहून अधिक चाकरी केलेल्या माणसाला सहा पराभवांवर घरी बसवण्यात आले. (त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक रॉबिन्सन यांच्या हाताखाली संघ आणखी पंधरा सामने हरला. मोसमाच्या आरंभी सलग एकवीस पराभव हा नकोसा विक्रम ओरिओल्सच्या नावावर लागला.) सातव्या सामन्याला थोरला मुलगा नेहमीच्या जागी उभा होता. त्याच उन्हाळ्यात त्याने बाल्टिमोरशीच तीन वर्षांचा नवा करार केला. वडीलही पुढच्या वर्षी, मान बाजूला ठेवून, थर्ड बेसचे प्रशिक्षक म्हणून त्याच संघात परतले. आपल्या रागाला इथे वाट हवी असते. कादंबरी असती तर मुलाने संघ सोडला असता आणि पुढच्या प्रकरणात त्याच संघाला धूळ चारली असती. प्रत्यक्षात दोघांनीही आपापली जागा पुन्हा धरली.

एकनिष्ठेबद्दल आपण बोलतो तेव्हा जुन्या काळाकडे मान वळवून उसासा टाकण्याची एक पद्धत पडली आहे. पूर्वीचे खेळाडू एका संघाला जन्म वाहायचे, आता पैशामागे धावतात, वगैरे. अमेरिकेतल्या बेसबॉलपुरते तरी हे अर्धसत्य आहे. गेरिग 1923 पासून 1939 पर्यंत न्यूयॉर्क यँकीजकडेच राहिला, पण त्या काळी खेळाडूच्या करारात एक कलम असे की करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. मालक त्याला विकू शकत, तो मालकाला सोडू शकत नसे. 1969 साली कर्ट फ्लड या खेळाडूने परस्पर दुसऱ्या शहरात धाडले जायला नकार दिला, दाद मागितली, 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला आणि त्याची कारकीर्द त्यातच संपली. डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने ते कलम निकामी झाले आणि ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला मोकळे होण्याची वाट मिळाली. रिपकेन या मोकळ्या काळातला. त्याला दार उघडे होते, बाहेर ज्यादा पैसे होते, घरात वडिलांचा अपमान झालेला होता, आणि 1983 च्या विश्वविजेतेपदानंतर संघाची पडझड चालू होती. तरी तो राहिला. दाराला कडी घातलेल्या घरात कोण किती वर्षे राहिला याचे कौतुक करण्यात अर्थ नसतो. तेव्हा निष्ठा जुन्या काळात होती आणि आता उरली नाही, असे म्हणण्यापूर्वी आपण फ्लडचे नाव एकदा आठवावे.

1994 च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला. त्या वर्षीची जागतिक मालिका, जी दोन महायुद्धांनीही थांबवली नव्हती, ती रद्द झाली. पुढच्या वसंतात मालकांनी भाडोत्री खेळाडू मैदानात उतरवण्याचा घाट घातला. तसे झाले असते तर संपात असलेल्या रिपकेनची मालिका कागदोपत्री तुटली असती. ओरिओल्सचे मालक पीटर अँजेलोस यांनी भाडोत्री संघ उतरवायला साफ नकार दिला. कामगार संघटनांचे वकील म्हणून नाव काढलेला हा माणूस. त्याला ते रुचणारे नव्हतेच, आणि मालिकेचाही विचार त्यात होता. एप्रिल 1995 मध्ये संप मिटला तेव्हा प्रेक्षक विटलेले होते. कोट्यधीश मालक आणि लक्षाधीश खेळाडू यांच्या भांडणात आपल्याला कुणी विचारले नाही, हा त्यांचा राग रास्त होता. रुसलेल्या लोकांना समजावायला जाहिराती आल्या, सवलतीची तिकिटे आली. मनधरणी झाली ती मात्र रोज कामावर येणाऱ्या एका माणसामुळे.

म्हणून 6 सप्टेंबरची ती रात्र. कॅम्डन यार्ड्सच्या मैदानालगत रेल्वेचे जुने, लांबलचक, विटांचे गोदाम आहे. त्याच्या भिंतीवर मालिकेचा आकडा मोठाल्या फलकांनी टांगलेला असे. बेसबॉलच्या नियमाने यजमान संघ पुढे असेल तर साडेचार डाव झाल्यावर सामना अधिकृत ठरतो, आणि तो ठरला की फलक बदलायचा. कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्धच्या त्या सामन्यात चौथ्या डावात रिपकेनने स्वतः होमरन मारला होता. अध्यक्ष बिल क्लिंटन तेव्हा समालोचकांच्या कक्षात होते. पाचव्या डावाच्या मध्याला गोदामावरचा शून्य उलटून तिथे एक आला, 2,130 चे 2,131 झाले, आणि 46,272 माणसे उभी राहिली ती बसेचनात. रिपकेन बाहेर आला, टोपी उंचावली, आत गेला. पुन्हा आला. अंगातला सदरा काढून मुलांना दिला. वरच्या कक्षात बसलेल्या वडिलांकडे पाहिले. टाळ्या थांबेनात, तेव्हा रफाएल पालमेरो आणि बॉबी बोनिया या दोन सहकाऱ्यांनी त्याला अक्षरशः ढकलत मैदानात आणले आणि एक फेरी मार म्हणून सांगितले. तो कठड्याकठड्याने धावू लागला. मग धावणे राहिले आणि हात मिळवणे सुरू झाले. म्हातारी माणसे, पोलीस, मैदान राखणारे कामगार, कडेवरची पोरे. लांबच्या भिंतीवरून हात खाली आले होते तिथे उडी मारून त्याने ते हात शिवले. शेवटी एंजल्सच्या डगआउटपाशी प्रतिस्पर्धी ओळीने उभे होते, त्यांनाही तो भेटला. दूरचित्रवाणीच्या समालोचकांनी इतका वेळ गप्प राहण्याचे शहाणपण दाखवले, ही या खेळातली दुसरी दुर्मिळ घटना. नंतरच्या भाषणात त्याने आईवडिलांचे, पत्नीचे आणि एडी मरे या जुन्या सहकाऱ्याचे ऋण मानले, आणि गेरिगचे नाव नम्रपणे घेतले. गेरिगबरोबर खेळलेले जो डिमॅजिओ, ऐंशी वर्षांचे, तिथे हजर होते.

गेरिगच्या नावाला त्या देशात एक कारुण्याची किनार आहे. 1925 च्या जूनपासून सलग 2,130 सामने खेळून 2 मे 1939 ला तो आपण होऊन मॅनेजरकडे गेला आणि आज मला वगळा म्हणाला. स्नायूंतली ताकद कशाने तरी ओसरत होती. निदान झाले तो आजार पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला आणि दोन वर्षांत, सदतिसाव्या वर्षी, तो गेला. छप्पन्न वर्षे अबाधित राहिलेला त्याचा आकडा ओलांडला गेला म्हणून कुणाला वाईट वाटले नाही, उलट विसरू लागलेल्या एका पिढीला तो नव्याने भेटला. श्राद्धपक्षाचे दिवस जवळ आलेले असताना आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि जग अमेरिकेपाशी संपत नाही. जपानात साचिओ किनुगासा या खेळाडूने हिरोशिमा कार्प या एकाच संघाकडून 1965 ते 1987 असा खेळ केला आणि सलग 2,215 सामने पुरे केले. अमेरिकन सैनिक बाप आणि जपानी आई यांचा हा मुलगा, अणुबॉम्बने भाजलेल्या शहराचा लाडका तिसऱ्या बेसचा गडी. 1979 च्या ऑगस्टमध्ये चेंडू लागून त्याच्या खांद्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी तो बॅट घेऊन उभा राहिला, तीनदा जीव खाऊन फिरवली आणि बाद झाला. तब्येतीच्या दृष्टीने हा वेडेपणाच, आणि आजचा कोणताही डॉक्टर त्याला तिथे उभे राहू देणार नाही, देऊही नये. 14 जून 1996 ला कॅन्सस सिटीत रिपकेनने किनुगासाचा आकडा मागे टाकला तेव्हा किनुगासा स्वतः अभिनंदनाला आला होता.

मालिका थांबली ती 20 सप्टेंबर 1998 ला. मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, समोर गेरिगचाच संघ, न्यूयॉर्क यँकीज. सामन्याला अर्धा तास उरला असता रिपकेन रे मिलर यांच्याकडे गेला आणि आज मी खेळत नाही म्हणाला. सोळा वर्षे यादीचा निर्णय दुसऱ्यावर सोपवणाऱ्या माणसाने हा एकच निर्णय स्वतः घेतला, कारण तो दुसरा कुणी घेऊच शकणार नव्हता. दुखापत नव्हती, आजार नव्हता. मिलर यांचा बांधलेला हात त्याने सोडवला. रायन मायनर नावाच्या नवख्या पोराला त्याच्या जागी थर्ड बेसवर जा म्हणून सांगितले गेले तेव्हा त्याला आपली थट्टा चालली असावी असे वाटले. पहिला गडी बाद झाल्यावर प्रेक्षकांच्या ध्यानात आले, आणि यँकीजचे खेळाडू डगआउटच्या पायरीवर येऊन टाळ्या वाजवू लागले. त्याच सप्टेंबरात सारा देश मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्या होमरनच्या शर्यतीने वेडावला होता. मॅग्वायरने उत्तेजके घेतल्याची कबुली 2010 मध्ये दिली. कुठल्या बातमीला किती जागा द्यायची याचा वर्तमानपत्रांचा अंदाज चुकतो तो असा. त्यात आम्हीही आलोच.

रिपकेननंतरची सर्वांत मोठी मालिका मिगेल तेहादाची, 1,152 सामन्यांची, 2007 मध्ये तुटली; तोही त्या वेळी ओरिओल्सचाच शॉर्टस्टॉप होता. दर मोसमात 162 सामने धरले तर 2,632 पर्यंत पोहोचायला सोळा मोसम पुरत नाहीत. आता संघ खेळाडूंना आखून विश्रांती देतात आणि ते योग्यच आहे. हा विक्रम पुन्हा होऊ नये अशी इच्छा बाळगायलाही हरकत नाही. थोरले रिपकेन मार्च 1999 मध्ये कर्करोगाने गेले. अबर्डीनमध्ये रिपकेन बंधूंनी मुलांसाठी जी मैदाने उभारली त्यांतले एक कॅम्डन यार्ड्सची छोटी प्रतिकृती आहे आणि त्याला वडिलांचे नाव आहे. 2007 साली कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये कॅल गेला तेव्हा 545 मतदारांपैकी 537 जणांनी त्याला मत दिले, आणि त्याच्या शेजारी होता सॅन डिएगो पॅड्रेसशी वीस मोसम एकनिष्ठ राहिलेला टोनी ग्विन. 2024 मध्ये ओरिओल्सची मालकी बदलली, तेव्हा नव्या मालकमंडळात छोटा हिस्सेदार म्हणून रिपकेनचे नाव आले. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, वाईट सुरुवातीचे निमित्त होऊन त्या संघाच्या मॅनेजरला मोसम चालू असतानाच घरी पाठवण्यात आले. या वेळी रिपकेन मालकांच्या बाजूला बसलेला होता.